मदत हवी आहे: शाळकरी मुलांच्या सर्दीवरचा अभ्यास, सरकारी अनुदानासाठी प्रस्ताव कसा मांडावा?

पीएसएम_नाशिक:
मंडळी, साबणाने हात धुण्याची सवय लावली तर मुलांची सर्दी कमी होते का, हे मनपा शाळांत तपासायचं आहे. प्रस्ताव आयसीएमआरकडे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) जाईल. एका शाळेतले ४०-४० मुलांचे दोन वर्ग, एकाला साबण, दुसऱ्याला नाही, असा आराखडा आहे. साध्या सर्दीसाठी सरकारने पैसे का द्यावेत, याचं उत्तर कसं लिहावं?

गोदाकाठ:
आधी आराखडा बदला. एका शाळेतल्या दोन्ही वर्गांचा नळ एकच, डबाही एकत्र. फरक पुसला जाईल. त्यामुळे वर्ग नको, शाळा निवडा आणि प्रत्येक शाळेतला एकच वर्ग घ्या. सर्दी ४० टक्क्यांवरून ३० वर येईल असं गृहीत धरलं, तर ८० टक्के पॉवरला (म्हणजे फरक खरा असेल तर तो सापडण्याची शक्यता ८० टक्के) प्रत्येक गटात ३५३ मुलं लागतात. पण एका वर्गातली मुलं एकमेकांकडूनच सर्दी घेतात. आयसीसी, म्हणजे एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी किती हे सांगणारा आकडा, ०.०२ धरला तर डिझाइन इफेक्ट (त्यामुळे मुलांची संख्या किती पट वाढवायची ते) १ + ३९ × ०.०२ = १.७८ (३९ म्हणजे वर्गातली बाकीची मुलं), म्हणजे ३५३ ची ६२८. १० टक्के गळती धरून ६९८. प्रत्येक गटात १८ शाळा. आयसीसी ०.०५ निघाला तर २९ शाळा! त्यामुळे हा आकडा कशावरून घेतला ते प्रस्तावात लिहाच.

साबण: ४० मुलं, दिवसाला ३ वेळा, १ मिली, म्हणजे वर्गाला १२० मिली. १८ वर्ग, १०० दिवस: २१६ लिटर. सांडलवंड धरून २५० मागा.

शेंबडा_विषाणू:
पैशांचं समर्थन असं करा: रायनोव्हायरसचे १६० हून अधिक प्रकार आहेत, म्हणून एकच लस जमत नाही. साबणाचं पेटंट नाही, त्यामुळे खासगी कंपनी हा खर्च करणार नाही. ब्रिटनच्या सरकारी संशोधन परिषदेने सॅलिसबरीत सर्दीवरचं केंद्र चाळीसहून अधिक वर्षं चालवलं, तो दाखलाही द्या. दम्याच्या मुलांना याच विषाणूने झटका येतो, आणि सर्दीला विनाकारण अँटिबायोटिक दिलं जातं. ते किती मुलांना दिलं हेही मोजा. माझ्या मते प्रस्तावाचं खरं बळ तिथे आहे.

सॅनिटायझरवर जाऊ नका. या विषाणूला मेदाचं आवरण नसतं, अल्कोहोल त्यावर कमी चालतं.

पीएसएम_नाशिक:
दुसऱ्या गटाला साबणच न देणं एथिक्स कमिटीला (संशोधनाची नैतिकता तपासणारी समिती) चालेल का?

गोदाकाठ:
असलेला साबण काढून घेऊ नका. तिथे आहे तीच व्यवस्था राहू द्या आणि अभ्यास संपल्यावर त्यांनाही तोच साबण द्यायचं प्रस्तावातच लिहून टाका. पालकांची लेखी संमती, ७ ते ११ वयाच्या मुलांचा तोंडी होकार, १२ पासून लेखी. सीटीआरआय (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी अभ्यासात पहिलं मूल घेण्याआधी, नंतर होत नाही. मनपा शिक्षण विभागाचं पत्र एप्रिलपर्यंत हातात हवं, कारण शाळा जूनमध्ये उघडतात आणि पावसाळा लगेच सुरू होतो.