जुन्या लॅपटॉपमधील आय-३ २३१०एम काढून आय-७ बसवता येईल का?

वाटसरू:
माझ्याकडे २०११ सालचा लॅपटॉप आहे. त्यात इंटेलचा दुसऱ्या पिढीचा आय-३ २३१०एम प्रोसेसर, एचएम६५ चिपसेट (प्रोसेसरला इतर भागांशी जोडणारी चिप), ४ जीबी रॅम आणि मूळचीच हार्ड डिस्क आहे. स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांच्या पानांतून टेसरॅक्ट या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने मजकूर ओळखून घेणे, हे माझे त्यावरील मुख्य काम आहे. तीन-चारशे पानांचे पुस्तक लावले की अख्खी दुपार त्यातच जाते. स्क्रीन आणि कीबोर्ड उत्तम स्थितीत असल्यामुळे हे यंत्र टाकून द्यावेसे मुळीच वाटत नाही.

चार कोअरचा, म्हणजे चार स्वतंत्र गणनाकेंद्रे असलेला, आय-७ २६७०क्यूएम यात बसेल का? तो ४५ वॅटचा आहे आणि माझा सध्याचा प्रोसेसर ३५ वॅटचा. तिसऱ्या पिढीतील आय-७ ३६३२क्यूएम चार कोअरचा असूनही ३५ वॅटचाच आहे, आणि त्याचे सॉकेटही (मदरबोर्डवर प्रोसेसर बसवण्याची जागा) तेच असल्याचे वाचले. मग तोच घेणे अधिक योग्य नाही का? चार्जर ६५ वॅटचा आहे.

पेचकस:
सर्वप्रथम आपला प्रोसेसर सॉकेटमध्ये बसवलेला आहे की मदरबोर्डवर सोल्डर केलेला आहे, हे पाहावे. २३१०एम हा दोन्ही रूपांत निघाला होता, त्यामुळे नुसत्या नावावरून हे कळत नाही. सीपीयू-झेड हे प्रोसेसरची माहिती दाखवणारे सॉफ्टवेअर उघडून 'पॅकेज' या रकान्यात पाहा. तेथे ९८८बी आरपीजीए असे दिसले तर तो सॉकेटमध्ये आहे, आणि बीजीए (म्हणजे सोल्डर केलेला) असा उल्लेख असेल तर हा विषय येथेच संपतो.

३६३२क्यूएमबद्दल आपली माहिती अर्धी बरोबर आहे. तो सॉकेटमध्ये बसतो, पण बसणे आणि चालणे यांत फरक आहे. तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर ओळखण्यासाठी लागणारा मायक्रोकोड (प्रोसेसरसाठीच्या मूलभूत सूचना) बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, असावा लागतो. एचएम६५ चिपसेटला ती पिढी चालू शकते, तरी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने तसे बायोस अपडेट दिलेले नसेल तर पंखा फिरतो, दिवा लागतो आणि स्क्रीन काळीच राहते. आपल्या मॉडेलच्या अपडेटच्या नोंदींत तिसऱ्या पिढीचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर त्या वाटेला जाऊ नये असे मी आग्रहाने सांगेन.

निर्झर:
सॉकेटकडे वळण्याआधी, आपले काम नेमके कशामुळे अडते आहे ते तपासून पाहावे अशी विनंती आहे. बहुतेक जुने लॅपटॉप प्रोसेसरमुळे नव्हे, तर हार्ड डिस्कमुळे संथ वाटतात. पुस्तक लावलेले असताना टास्क मॅनेजर उघडा आणि प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांपैकी काय सतत शंभर टक्क्यांना टेकलेले आहे ते पाहा.

शिवाय, टेसरॅक्ट एकाच पानासाठी स्वतःहून अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे तुकडे) वापरतो आणि त्यात बरीच शक्ती वाया जाते. 'ओएमपी थ्रेड लिमिट' (OMP_THREAD_LIMIT) हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे सिस्टिममधील सेटिंग, १ वर ठेवून एका वेळी तीन-चार पाने स्वतंत्रपणे चालवली, तर आहे त्याच प्रोसेसरवर काम लवकर उरकते. हे आधी करून पाहावे, कारण त्यासाठी एकही स्क्रू काढावा लागत नाही.

वाटसरू:
दोघांचेही आभार. पॅकेजमध्ये ९८८बी आरपीजीए असे दिसते. बायोसच्या नोंदींत तिसऱ्या पिढीचा कोठेही उल्लेख नाही, त्यामुळे ३६३२क्यूएमचा विचार मी सोडून दिला आहे. पाने स्वतंत्रपणे चालवण्याचा उपाय केला आणि वेळ निश्चितच वाचला. मात्र त्यानंतरही काम संपेपर्यंत प्रोसेसर शंभर टक्के वापरात असतो आणि डिस्क जवळजवळ स्वस्थ असते. मेमरी मात्र काठोकाठ भरलेली दिसते.

काठावरून:
असाच लॅपटॉप मी स्वतः उघडून त्यात २६७०क्यूएम बसवला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आपल्या कामात प्रत्येक पान स्वतंत्र असल्यामुळे वाढीव कोअरचा पुरेपूर उपयोग होईल. २३१०एममध्ये टर्बो, म्हणजे गरजेनुसार वेग आपोआप वाढवण्याची सोय, नाही. त्याचे दोन कोअर २.१ गिगाहर्ट्झवर चालतात. २६७०क्यूएमचे चार कोअर मूळ २.२ वर चालतात आणि टर्बोमध्ये ३.१ पर्यंत जातात. म्हणजे उष्णतेमुळे टर्बो पूर्ण बंद ठेवावा लागला, तरी कामाचा वेग दुपटीच्या आसपास जातो. माझ्या मते ४५ वॅटच्या भीतीवर हेच खरे उत्तर आहे. ३५ वॅटमध्ये राहायचेच असेल तर दोन कोअरचा २६४०एम आहे, तो ३.५ पर्यंत जातो, पण आपल्या कामाला चार कोअर अधिक उपयोगी पडतील.

आता उघडण्याविषयी. बायोस अद्ययावत करायचा असेल तर तो जुना प्रोसेसर असतानाच करावा. नंतर चार्जर व बॅटरी काढून पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे. हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणाऱ्या धातूच्या भागाच्या) स्क्रूंवर बहुधा १ ते ४ असे आकडे असतात. सैल करताना ४ पासून मागे यावे आणि घट्ट करताना १ पासून पुढे जावे. माझ्या यंत्रातील जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसर व हीटसिंक यांमधील उष्णतावाहक लेप) वाळून खडूसारखी झाली होती आणि हीटसिंक प्रोसेसरला घट्ट चिकटले होते. मी ते सरळ वर ओढणार होतो, पण थांबलो आणि अगदी हलक्या हाताने डावीकडे-उजवीकडे फिरवत सोडवले. लॅपटॉपच्या या प्रोसेसरवर धातूचे झाकण नसते, सिलिकॉनची चकती उघडीच असते आणि तिचा कोपरा तिरक्या दाबाने सहज उडतो.

सॉकेटच्या कडेला चपट्या तोंडाच्या स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा एक स्क्रू असतो आणि त्याच्या शेजारी कुलूप उघडे व बंद असल्याची चिन्हे असतात. अर्धा फेरा दिला की पकड सुटते आणि प्रोसेसर दोन बोटांनी अलगद वर येतो. जोर लावावा लागत असेल तर कुलूप उघडलेले नाही असे समजावे. नवा बसवताना कोपऱ्यातील त्रिकोणाची खूण जुळवावी. प्रोसेसर स्वतःच्या वजनानेच खाली बसतो. शेजारच्या ग्राफिक्स चिपवर थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणारी मऊ पट्टी) असेल तर तेथे पेस्ट लावू नये, कारण पॅडची जाडी भरून काढणे पेस्टला जमत नाही.

पेचकस:
वरील अनुभवाशी सहमत आहे. एकच पुस्ती जोडतो. आपल्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल मिळवून त्यातील प्रोसेसरची यादी पाहावी. त्याच मॉडेलमध्ये चार कोअरचा प्रोसेसरही दिला गेला असेल, तर त्यासाठीच्या हीटसिंकचा क्रमांक वेगळा आहे का हे तेथेच कळते. वेगळा असेल तर प्रोसेसरसोबत ते हीटसिंकही घ्यावे. वापरलेला प्रोसेसर घेताना वरच्या बाजूस 'एसआर'ने सुरू होणारा क्रमांक छापलेला आहे याची खात्री करावी आणि 'इंजिनिअरिंग सॅम्पल' (चाचणीसाठी बनवलेला नमुना) असलेला प्रोसेसर टाळावा.

वाटसरू:
काम पूर्ण झाले, म्हणून कळवतो. मॅन्युअलमध्ये चार कोअरचे प्रोसेसर होते आणि हीटसिंक एकच होते, त्यामुळे २६७०क्यूएम बसवला व रॅम ८ जीबी केली. पहिल्या पुस्तकाला तापमान ९६ अंशांपर्यंत गेले आणि वेग खालीवर होऊ लागला. पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के केल्यावर टर्बो बंद झाला आणि तापमान ८० च्या आसपास स्थिरावले. पूर्वीचेच एक पुस्तक पुन्हा लावून पाहिले; त्याला जवळजवळ निम्मा वेळ लागला. मात्र काम चालू असताना चार्जर जोडलेला असूनही बॅटरी वाढत नाही, उलट किंचित उतरते. हा दोष माझ्या जोडणीचा आहे का?

काठावरून:
नाही, तो ६५ वॅटच्या चार्जरचा आहे. प्रोसेसर, स्क्रीन व डिस्क यांना पुरवून बॅटरी भरण्याइतकी शक्ती त्याच्याकडे उरत नाही. तेवढ्याच व्होल्टेजचा, तशाच पिनचा आणि आपल्या मॉडेलला चालणारा ९० वॅटचा चार्जर घ्यावा. तोपर्यंत बॅटरी पूर्ण भरल्यावरच पुस्तक लावावे आणि पाने चारऐवजी तीन-तीन चालवावीत.