बोटातलं पोवळं आणि समुद्रातलं प्रवाळ एकच का?

कोथरूडची आई: सुट्टीत मालवणला स्नॉर्केलिंग केलं. पाणी गढूळ, पण लेकीला थोडं प्रवाळ दिसलं. आता सातवीतल्या या बाईंचा रोजचा प्रश्न: एवढासा जीव, त्याचं बेट कसं होतं? वर सासूबाईंनी मंगळासाठी मला घालायला लावलेल्या पोवळ्याकडे बघून म्हणते, "आई, तू सांगाडा घातलायस." खरंय का?

सराफाचा मुलगा: खरंय. पण हे लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं. बेटं बांधणाऱ्यांच्या भावकीतलं म्हणा, स्वतः बेट बांधत नाही. जाडी वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाही, म्हणून महाग. फार स्वस्त मिळालं असेल तर रंगवलेलं बांबू कोरल, म्हणजे दुसऱ्याच जातीचं स्वस्त प्रवाळ, असू शकतं, तपासून घ्या.

निवृत्त मास्तर, सदाशिव पेठ: भूशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे लांबण लागणारच. प्रवाळाची अळी तरंगत येते, टणक जागा बघून चिकटते आणि बुडाशी चुन्याची वाटी बांधते. मग तिला अंकुर फुटून शेजारी दुसरी, तिसरी. पेशींमध्ये शेवाळ भाडेकरू. उन्हात ते साखर बनवतं आणि भाड्यापोटी बहुतेक घरमालकालाच देतं. म्हणून ऊन पोचेल असं उथळ, स्वच्छ, उबदार पाणी लागतं. कोकणातल्या नद्या पावसाळ्यात गाळ ओततात, तिथे मोठ्या भिंती कुठून व्हायच्या?

गोल डोक्यासारखी प्रवाळं वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात, फांद्यांची दहापर्यंत. जुने सांगाडे तळाशी, जिवंत थर फक्त वरचा. ज्वालामुखीचं बेट हळूहळू खचतं आणि प्रवाळ उन्हासाठी वर वर बांधत राहतं. शेवटी डोंगर बुडतो, कडं उरतं. डार्विननं हे 1842 मध्ये मांडलं. 1952 मध्ये पॅसिफिकमधल्या एनिवेटॉकला भोक पाडलं, तेव्हा बाराशे मीटरहून जास्त चुनखडीनंतर बेसॉल्ट, म्हणजे ज्वालामुखीचा काळा दगड, लागला!

आता खरी गंमत. लक्षद्वीपच्या बुडाशीही ज्वालामुखीचाच डोंगर आहे. ज्या तप्त स्थानानं, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून लाव्हा वर येतो अशा जागेनं, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपला दख्खनचा काळा दगड ओतला, त्याच्याच वरून भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा तुकडा, सरकत गेला आणि ती रांग तयार झाली. म्हणजे सिंहगड आणि लक्षद्वीप नात्यातले.

कोथरूडची आई: वाचून दाखवलं. आता विचारते, सिंहगडावर खणलं तर प्रवाळ सापडेल का?

निवृत्त मास्तर, सदाशिव पेठ: नाही गं. तो लाव्हा जमिनीवर पसरलेला, समुद्रात नव्हे. पिठलं-भाकरी मात्र हमखास.