रि-व्होल्टमधली शस्त्रं म्हणजे रडीचा डाव?

खडूसपंत: परवा इथे एकाने लिहिलं, 'रि-व्होल्ट म्हणजे पोरखेळ, मागून रॉकेट सोडा नि जिंका.' दोन दिवस डोक्यात भुणभुणतंय, म्हणून लिहितोच. रिमोटवरच्या खेळण्यातल्या गाड्यांच्या शर्यतीचा गेम, १९९९चा, पण गाडीला वजन होतं हो! सिम्युलेशन मोडवर, म्हणजे गाडी खऱ्यासारखी चालते तिथे, फुटपाथच्या कडेला चाक घासलं की गाडी उताणी, झुरळासारखी. टाइम ट्रायल खेळा, तिथे रॉकेट नाही की प्रतिस्पर्धी नाही. मग कळेल कोण किती पाण्यात आहे.

विश्या: तो एक म्हणजे मीच. एकट्याने गोल फिरायचं तर मैदानात जाईन की. मजा असते ती बॉम्ब लागला की धडक देऊन दुसऱ्याच्या गळ्यात मारण्यात.

मीनल के.: कॅफेत लॅनवर, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडून खेळताना, दादा कायम तोयेका ही वेगवान गाडी घ्यायचा आणि मला फॅट स्लग ही संथ गाडी घ्यायला लावायचा. तोयेकाच्या मागे स्लग म्हणजे एसटीमागे सायकल! एकदा त्याच्या वाटेत खोटी वीज, म्हणजे शस्त्र देणाऱ्या विजेच्या चिन्हाची फुटणारी नक्कल, टाकून ठेवली, हावरटासारखा घ्यायला आला आणि फुटला. त्याने माउस आपटला, भरपाई माझ्या खाऊच्या पैशातून. रडीचा डाव म्हणे!

खडूसपंत: ताई, हा गेमचा नाही, दादाचा दोष.

सीडीमास्तर: तुमच्यापैकी एकाने तरी ओरिजिनल घेतला होता का? मी घेतला होता. २००४मध्ये गेम काढणाऱ्या ॲक्लेम कंपनीचं दिवाळं निघालं, त्याला तुम्ही कॉपीवाले जबाबदार.

विश्या: माझ्या तीस रुपयांच्या सीडीने अमेरिकेतली कंपनी बुडाली? धन्य!

सीडीमास्तर: चोर तो चोर. वर तोंड करून बोलतोय.

विश्या: मास्तर, तोंड सांभाळा. बाबांचा पगार विचारलात कधी? शहरात ओरिजिनल मिळायचा कुठे, तेही सांगा.

सीडीमास्तर: कुठे मिळायचा ते राहू दे. दुकानदाराने मलाही आधी कॉपीच पुढे केली होती, हे खरं.

मीनल के.: कंपनी बुडाली तरी गेम कुठे मेला? हौशी पोरांनी आरव्हीजीएल नावाने इंजिन नव्याने लिहिलंय, आजच्या कॉम्प्युटरवर चालतं. भांडण तिथे करा.

विश्या: केलं. पंतांच्या हट्टापायी म्युझियम ट्रॅकची टाइम ट्रायल खेळलो, चार वेळा उताणा. गाडीला वजन आहे, मान्य. ट्रॉफी घरपोच पाठवू?

खडूसपंत: नको. रविवारी ये, पंगा घेऊन. गाडीचं नावच आहे ते, गैरसमज नको.

मीनल के.: मीही येते. शस्त्रं चालू ठेवा.