मदत हवी आहे: सेराटोडस नेमका कुठं टाकायचा?

कंगोरा०७
परवा सेमिनार आहे अन् मी कालपासून एकाच चौकटीवर अडकलोय. सेराटोडस हा लंगफिश (फुफ्फुसानंही श्वास घेणारा मासा) नोट्समध्ये जिवंत दिलाय, नेटवर सगळीकडे नामशेष. दोन्ही कसं बरोबर असेल? वर्गीकरणाचा चार्ट अर्धा काढून झालाय. लवकर सांगा प्लीज.

बर्डीवाला
झूलॉजी का जिऑलॉजी? अन् नोट्समध्ये पुढं प्रजातीचं नाव काय आहे?

मत्स्यप्रेमी
लंगफिश ठेवायचा तर एकटाच ठेवा, सोबतच्या माशांना चावतो. टाकीला झाकण पक्कं हवं.

कंगोरा०७
टाकी नाही हो काका, वर्गीकरण पाहिजे. झूलॉजी, एमएस्सी पहिलं वर्ष. सिनियरच्या झेरॉक्सची झेरॉक्स आहे, "फोर्स्टेराय" असं काहीतरी दिसतं.

बर्डीवाला
हे आधी सांगायचं ना बे! लुई अगासी या शास्त्रज्ञानं १८३० च्या दशकात सेराटोडस नाव दिलं ते नुसत्या दगड झालेल्या दातांच्या पट्ट्यांवरून. मग १८७० मध्ये ऑस्ट्रेलियात जिवंत मासा मिळाला, दात तसेच, म्हणून क्रेफ्ट या प्राणिशास्त्रज्ञानं त्याला सेराटोडस फोर्स्टेराय म्हटलं. आता तो निओसेराटोडस फोर्स्टेराय, अन् सेराटोडस नामशेषच. तुझ्या नोट्समध्ये जुनं नाव राहून गेलंय. चार्टमध्ये सेराटोडसचं लिही: सारकोप्टेरिजी, डिप्नोई, गण सेराटोडॉन्टिफॉर्मिस, कुळ सेराटोडॉन्टिडी.

जुनादगड
कुळ इतक्या बिनधास्त लिहायला लावू नका. दातावरून प्रजातीच काय, जीनसही (जवळच्या प्रजातींचा गट) धड ठरत नाही. कित्येक वर्षं जो दात सापडला तो सेराटोडसमध्ये टाकला, पुढं त्यातल्या काही प्रजाती टायकोसेराटोडस या दुसऱ्या जीनसमध्ये हलवल्या. परीक्षकानं विचारलं तर पोरगं काय सांगणार?

बर्डीवाला
पोराचा सेमिनार परवा आहे, पीएचडी नाही करून राहिला तो. चार्टमध्ये कुळ लिहावंच लागते.

जुनादगड
लिहा, पण बाजूला "मुख्यतः दातांवरून" एवढं तरी टाका. तेच खरं आहे.

टाकळघाटकर
अन् कोणी हिस्लॉपचं नाव घेत नाही! ज्यांच्या नावाचं कॉलेज आपल्या नागपुरात आहे त्याच मिशनरी अन् भूशास्त्र अभ्यासक स्टीफन हिस्लॉपवरून सेराटोडस हिस्लॉपियानस हे प्रजातीचं नाव. भूवैज्ञानिक ओल्डहॅमनं १८५९ मध्ये वर्णन केलं, लेखाच्या शीर्षकातच "नागपूरच्या दक्षिणेला" असं आहे. दात मालेरीचे, प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातले, ट्रायासिक काळातले (वीस-पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचे), जागा आता तेलंगणात. हिस्लॉप १८६३ मध्ये आमच्या टाकळघाटजवळ बुडून गेले, तिथली शिळावर्तुळं बघायला आले होते. ती वर्तुळं एकदा तरी जाऊन बघा रे, अजून आहेत.

कंगोरा०७
शिळावर्तुळं सेमिनारनंतर नक्की बघतो. हिस्लॉपची स्लाइड मात्र टाकतोच, सरांना आवडेल. म्हणजे जिवंत माशापुढचं सेराटोडस खोडून निओसेराटोडस फोर्स्टेराय लिहू ना? अन् डिपार्टमेंटमध्ये दाताच्या पट्टीचा एक कास्ट (साच्यातून काढलेली नक्कल) आहे, पंख्यासारखे कंगोरे एका टोकाला जुळलेले, वर बारीक बारीक छिद्रं. तो वरचा दात का खालचा?

जुनादगड
हो, खोड. कंगोरे किती आहेत ते आधी मोज. वरच्या पट्टीवर सहसा खालच्यापेक्षा एक जास्त असतो. टोकाचा लहानसा सोडू नकोस, तिथंच चूक होते.

कंगोरा०७
आत्ताच लॅबमध्ये जाऊन मोजले. पाच.