चॅट्सवर्थजवळच्या एन्झर गावातलं प्रत्येक घर वेगळं का?

प्राची_शेफील्ड
मंडळी, मेमध्ये आईबाबा रावेरहून येतायत. आम्ही शेफील्डला असतो त्यामुळे पाहुणे आले की चॅट्सवर्थचा महाल ठरलेलाच. पण बाबांना महालातली रंगवलेली छतं बघून अर्ध्या तासात जांभया येणार हे मला आत्ताच माहितीय, त्यांचे प्रश्न म्हणजे इथं पाणी कुठून यायचं, गडी किती होते, राहायचे कुठं, असले. म्हणून विचारतेय. पार्काच्या कडेला एन्झर गाव आहे ना, तिथलं एक घर दुसऱ्यासारखं नाही. एक स्विस वाटतं, एक इटालियन, एकाला किल्ल्यासारखे बुरुज. आणि रस्त्याच्या अलीकडे पार्कात एकच घर एकटं उभं. हे काय प्रकरण आहे? महालाच्या पलीकडचं सांगण्यासारखं अजून काही असेल तर तेही टाका.

डर्बीचा_दादा
प्राची, ते गाव मुळात तिथं नव्हतंच. आधी घरं नदीच्या बाजूला उतरत आलेली होती, म्हणजे महालातून दिसायची, आणि साहेब लोकांना खिडकीतून हिरवळ, मेंढ्या, हरणं हवी, कुणाचं धुणं वाळताना दिसायला नको. 1760च्या दशकात महालाचे मालक डेव्हनशरचे ड्यूक, त्यांतल्या चौथ्या ड्यूकने केपेबिलिटी ब्राउन नावाच्या बागरचनाकाराकडून सगळा पार्क नव्याने करून घेतला, मग सहाव्या ड्यूकने 1838 पासून पुढच्या चारपाच वर्षांत उरलेलं गाव पाडून टेकडीच्या आड नवं वसवलं. काम ड्यूकच्या हेड गार्डनर जोसेफ पॅक्स्टनकडे, सोबत जॉन रॉबर्टसन नावाचा आर्किटेक्ट. दंतकथा अशी की नकाशांचं बाड समोर ठेवलं तेव्हा ड्यूक घाईत होते, म्हणाले सगळ्यातलं एकेक बांधा! खरं खोटं देव जाणे. पण पॅक्स्टनला हौस दांडगी होती हे नक्की. एकटं उरलेलं घर एका म्हाताऱ्याने सोडलं नाही म्हणून राहिलं असं सांगतात.
आपल्याकडे धरणात गाव गेलं की निदान मोर्चा तरी निघतो. इथं जमीन, घर, नोकरी तिन्ही एकाच मालकाची, बोलणार कोण. नवी घरं जुन्यापेक्षा चांगली होती हेही मान्य करायला हवं.

चहा_बिस्किट
पॅक्स्टनचा किस्सा काकांना नक्की सांगा. 1826 मध्ये बाविशीचं हे पोरगं हेड गार्डनर म्हणून पहाटे साडेचारला पोचलं, दार उघडायला कोणी नाही म्हणून गेटवरून चढून आत, सगळी बाग फिरून सहाला गड्यांना कामाला लावलं, कारंजी सुरू करायला लावली, मग हाऊसकीपर बाई आणि त्यांच्या भाचीबरोबर नाश्ता, आणि नऊ वाजायच्या आत भाचीच्या प्रेमात. हे त्यानेच लिहून ठेवलंय. पुढच्या वर्षी लग्न पण झालं. 😄
पाण्याचं म्हणाल तर मोठं कारंजं पंपावर नाही, वर डोंगरावर 8 एकरांचा तलाव खणलाय, तिथून पाईपने पाणी उताराने येतं, त्या दाबावरच उडतं. रशियाचा झार येणार म्हणून हे सहा महिन्यांत उरकलं, रात्री मशाली लावून माणसं खणत होती. 1844 ला पूर्ण झालं, आणि झार आलाच नाही.

केळीवाला_यावल
ताई, तुम्ही रावेरच्या, केळीच्या मुलखातल्या, आणि केळीचं कोणीच काढलं नाही? कॅव्हेंडिश केळी म्हणतात ना, ते ह्याच ड्यूक घराण्याचं आडनाव! पॅक्स्टनने मॉरिशसमार्गे आलेलं एक केळीचं रोप चॅट्सवर्थच्या काचघरात वाढवलं, 1835 ला ते फुललं आणि त्याने मालकाच्या नावावरून नाव दिलं. आपली बसराई, श्रीमंती, आणि आता सगळीकडे दिसणारी ग्रँड नैन, सगळ्या त्याच गटातल्या. बाबांना सांगा तुमच्या मृगबागेला ज्या घराण्याचं नाव चिकटलंय त्यांचा वाडा हा. जांभई येणार नाही, गॅरंटी.

डर्बीचा_दादा
@केळीवाला भारी आठवण. फक्त एक, आपली बसराई चॅट्सवर्थच्या मुनव्यांतून (केळीच्या कोंबांतून) आली असं सांगू नका, मूळ जात दक्षिण चीनकडची, नाव तेवढं इथलं. इथली रोपं मात्र मिशनरी जॉन विल्यम्सबरोबर सामोआला गेली हे खरंय. कॅव्हेंडिशचा जगभर बोलबाला बराच उशिरा झाला, 1950च्या आसपास पनामा रोगाने (केळीची मर) तोवर चालणाऱ्या ग्रो मिशेल जातीच्या बागाच्या बागा बसल्या तेव्हा.
भारताचा धागा वेगळाच आहे. 1835 मध्ये जॉन गिब्सन नावाच्या माळ्याला ड्यूकने कलकत्त्याला पाठवलं, तो चेरापुंजीच्या डोंगरात हिंडून पेट्या भरभरून ऑर्किड घेऊन आला.

चहा_बिस्किट
आणि हे सगळं ठेवायचं कुठं म्हणून प्रचंड काचघर, 1840 च्या सुमारास पूर्ण. व्हिक्टोरिया राणी 1843 मध्ये त्यातून बग्गीत बसून फिरली एवढं मोठं. खाली आठ बॉयलर, कोळसा भुयारातून यायचा, म्हणजे वरून धूर, हमाल काही दिसायला नको. (पुन्हा तेच, न दिसणं!) पहिल्या महायुद्धात कोळसा नाही, माणसं नाहीत, झाडं गारठून मेली, 1920 ला सुरुंग लावून पाडलं. जागेवर आता झुडपांचा भूलभुलैया आहे, तिथं नेऊन हे सांगा.

प्राची_शेफील्ड
अरे वा, केळीचं बाबांनाही माहीत नसणार! आईसाठी काही?

डर्बीचा_दादा
दुसऱ्या महायुद्धात महालात मुलींची शाळा भरायची, 1939 ते 46, मोठमोठ्या दिवाणखान्यांत ओळीने खाटा. एन्झरच्या चर्चमागे केनेडींच्या बहिणीची कबर आहे, 1963 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष असताना ते स्वतः येऊन गेले. आणि गावात चहाचं छोटं दुकान आहे. महालाचं तिकीट काढलं नाही तरी पार्क आणि गाव फुकटात फिरता येतं, पार्किंगचे तेवढे पैसे. केळी बघायची असेल तर मात्र तिकीट काढा, आता असलेलं दुसरं काचघर त्या दिवशी उघडं असेल का ते आत विचारून घ्या.