वालयला औषध पाजून बुटकं करायचं का?

खाचरवाला, कुडाळ
परतीच्या पावसानं यंदाही आमचं वालय भात आडवं. छातीएवढं वाढतं, लोंबी भरली की लोळतं, आणि चिखलात टेकलेल्या दाण्यांना जागीच कोंब. पुतण्या शेतकी शिकतो. म्हणतो, बी ईएमएस नावाच्या रसायनात भिजवलं की त्यातून बुटकं वाण काढता येतं. या रसायनानं कॅन्सरचा धोका असतो, हेही तोच सांगतो! असल्या भाताची पेज प्यायची? माझा साफ विरोध.

लॅबातली ताई
काका, भिजवलेलं बी ताटात येतच नाही. काही तास भिजवतात, वाहत्या पाण्यात धुतात, पेरतात. बरंच बी उगवतच नाही. खरी गंमत दुसऱ्या पिढीत. एकेक रोप न्याहाळायचं. काही पांढरीफटक निघतात, हिरवेपणाच नसतो, ती थोड्या दिवसांत मरतात. हजारोंत एखादं कामाचं, आणि तेही पुढे कित्येक पिढ्या पारखायचं. तोवर रसायनाचा थेंब कुठला? उरतो तो डीएनएतला बदल. कृषिशास्त्रज्ञ स्वामिनाथनांचा शरबती सोनोरा गहू १९६७चा, असाच बदल घडवून काढलेला. तिथे रसायनाऐवजी गॅमा किरण होते.

बांधावरचा टाकळा
विषाची भीती मलाही नाही, पण हे तंत्र कशासाठी वापरतात ते बघा. २०२१मध्ये आलेले ‘पुसा बासमती १९७९’ आणि ‘पुसा बासमती १९८५’ हे भाताचे वाण. नगिना २२ या भातावर ईएमएस वापरून मिळालेला गुण त्यांत उतरवलाय. कसला? तर इमॅझेथापायर हे तणनाशक फवारलं तरी भात मरत नाही, तण मरतं. इथे माझ्या खाचराचं पाणी खालच्या खाचरात उतरतं, तिथे शेजाऱ्याचं साधं भात. फवारणार मी, करपणार त्याचं. बांधावरची भाजीही गेलीच.

लॅबातली ताई
मग भांडण तणनाशकाशी आहे, ईएमएसशी नाही. बुटक्या वालयला फवारणी कशाला लागेल?

बांधावरचा टाकळा
नाही लागणार. पण संशोधनाचा पैसा बासमतीकडे जातो की वालयकडे, ते सांगा.

मालवणी माणूस
ह्यां सगळां ठीक, पण पेंढ्याचां काय?

खाचरवाला, कुडाळ
हां, हे बोललात! बैलजोडी आणि एक म्हैस आहे दारात. भात गुडघ्याएवढं झालं तर पावसाळ्यापर्यंत त्यांच्यापुढे काय टाकू?

लॅबातली ताई
हे मात्र माझ्या डोक्यात नव्हतं. बुटकं म्हणजे किती, ते दुसऱ्या पिढीत निवडतानाच ठरवावं लागेल. कमरेएवढं चालेल?

खाचरवाला, कुडाळ
कमरेएवढं चालेल. पण कोणाच्या कमरेएवढं? मी पाच फूट आहे.