बंद पडलेली आरा मशीन आणि ओंडके ओढण्याचे जुने सामान: दुरुस्त करावे की नवे घ्यावे?

पैनगंगाकाठ (किनवट):

नमस्कार. नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्यात आमच्या कुटुंबाची परवानाधारक आरा मशीन, म्हणजे लाकूड चिरण्याची गिरणी, आहे. वडिलांचे आजारपण सुरू झाल्यापासून, म्हणजे गेली दहा-बारा वर्षे, ती पूर्ण बंद आहे. परवान्याचे नूतनीकरण मात्र वडिलांनी आणि नंतर थोरल्या बंधूंनी बहुतेक वर्षी करून घेतले आहे. आता परिसरातील शेतकऱ्यांच्या बांधावरचा साग तोडणीला येऊ लागला असून चिराईसाठी त्यांना ओंडके लांब न्यावे लागतात, म्हणून गिरणी पुन्हा सुरू करण्याचा आमचा विचार आहे.

सामान असे आहे. ३६ इंची चाकांची उभी बँड सॉ (दोन चाकांवरून फिरणाऱ्या पट्ट्याची करवत), तिची ओंडका वाहणारी गाडी आणि रूळ. एक सिलिंडर आणि मोठे फ्लायव्हील असलेले मंद गतीचे डिझेल इंजिन, जे आता हाताने फिरत नाही. नंतरच्या काळात बसवलेली २० अश्वशक्तीची थ्री-फेज मोटर. एक पेट्रोलवरची चेन सॉ. ओंडके ओढण्याची हाताने फिरवायची विंच, तिचा तारेचा दोर आणि एक चेन पुली. शेडचे पत्रे एका बाजूने गळतात आणि पावसाचे पाणी नेमके गाडीच्या रुळांवर पडत आले आहे. चाके आणि सांगाडा गंजलेला दिसतो, पण वरवर पाहता कोठे तुटलेले नाही.

एका कारागिराने सगळे भंगारात देऊन नवी मशीन घेण्याचा सल्ला दिला आहे. दुसऱ्याच्या मते जुने बिडाचे काम आता मिळत नाही, त्यामुळे काहीही विकू नये. दोघांपैकी कोणीही एकही भाग खोलून पाहिलेला नाही. निर्णय कोणत्या आधारावर घ्यावा, हे जाणकारांनी सांगावे.

लेथ आणि वेल्डिंग (नांदेड):

दादा, आपण सगळ्या सामानाचा एकच निर्णय शोधत आहात, आणि अडचण तेथेच आहे. या सामानात काही भाग पन्नास वर्षे टिकण्यासाठीच घडवलेले असतात, तर काही भाग चालू गिरणीतसुद्धा ठरावीक काळाने बदलायचेच असतात. बंद राहिल्याने पहिल्या प्रकाराचे फारसे बिघडत नाही. दुसऱ्या प्रकारातले मात्र जवळजवळ सगळे निकामी होते. म्हणून प्रत्येक भागाला वेगळा प्रश्न विचारावा: हा भाग काम करताना तुटला, तर माणसाला इजा होईल का? उत्तर होय असेल आणि त्या भागाची खात्रीलायक तपासणी करता येत नसेल, तर तो कितीही चांगला दिसला तरी नवा घ्यावा.

बँड सॉपासून सुरुवात करतो, कारण खरी किंमत तिच्यात आहे. सांगाडा, गाडी आणि रूळ यांवरचा गंज बहुधा पृष्ठभागावरचा असतो. तारेच्या ब्रशने आणि घासकागदाने तो निघतो. दोन्ही चाके मात्र काढून, टांगून तपासावीत. टांगलेल्या चाकावर लाकडी हातोडीने हलके ठोकल्यावर घंटेसारखा स्वच्छ, लांबणारा आवाज आला पाहिजे. आवाज बोदा आला तर तडा असण्याची शक्यता धरावी. तरीही निव्वळ आवाजावर विसंबू नये. आरे आणि तुंबा जेथे जुळतात, तेथे डाय पेनिट्रंट चाचणी (तड्यात मुरणारा लाल रंग लावून तडा शोधण्याची पद्धत) करावी, कारण बिडातील बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही. ३६ इंची चाक मिनिटाला ६०० फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे २९ मीटर होतो, आणि चाकाला बाहेरून फाडू पाहणारा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तडा गेलेले बिडाचे चाक वेल्डिंग करून पुन्हा चालवण्याचे काम मी स्वतः घेत नाही आणि कोणी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चाके निर्दोष निघाली, तर त्यांची धाव (पट्टा टेकतो तो बाहेरचा पृष्ठभाग) लेथवर किंवा जागेवर ग्राइंडिंग करून पुन्हा आकारात आणता येते. धावेचा मधला हलका उंचवटा झिजून सपाट झालेला असेल, तर पट्टा चाकावर स्थिर राहत नाही. बेअरिंगे सरसकट नवी घ्यावीत. वर्षानुवर्षे एकाच जागी उभ्या राहिलेल्या बेअरिंगमध्ये गोळ्या जेथे टेकतात, तेथे गंजाचे खड्डे पडतात. नुसते धुऊन वंगण भरल्याने ते भरून येत नाहीत. बेअरिंगवर कोरलेला क्रमांक दाखवला की नांदेडच्या बाजारात तीच मिळते.

करवतीचे जुने पट्टे, कितीही असले तरी, बाद करावेत. पट्ट्याची जाडी चाकाच्या व्यासाच्या साधारण हजाराव्या भागाएवढी, म्हणजे आपल्या चाकाला सुमारे ०.९ मिलिमीटर, धरण्याचा प्रघात आहे. एवढ्या पातळ पोलादावर गंजाचा लहानसा खड्डाही तड्याची सुरुवात ठरतो, कारण चाकावरून जाताना पट्टा प्रत्येक फेऱ्यात वाकतो आणि सरळ होतो. सागात सिलिका असल्याने दात लवकर बोथट होतात, म्हणून नव्या पट्ट्यांबरोबर धार लावण्याच्या सोयीचाही खर्च आताच धरावा.

इंजिन हाताने फिरत नाही म्हणून ते मेले, असे समजू नका. इंजेक्टर काढून त्या वाटेने सिलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ ऑइलचे मिश्रण ओता आणि ते काही दिवस मुरू द्या. मग फ्लायव्हीलला हाताने किंचित पुढे, किंचित मागे असा हलका जोर देत राहा. ट्रॅक्टरच्या पट्ट्याने हिसका देऊन फिरवण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्यात रिंगा तुटतात आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन सुटल्यावर खालचे झाकण उघडून चिखल झालेले ऑइल पूर्ण काढा. ते दुधट दिसले तर आत पाणी गेलेले आहे. डिझेलची टाकी, नळी आणि फिल्टर साफ करून नोझल तपासून घ्या. पहिल्यांदा सुरू करताना हवेच्या तोंडावर दाबता येईल अशी जाड फळी हाताशी असलीच पाहिजे. सिलिंडरमध्ये ओतलेले किंवा रिंगांवरून वर चढलेले ऑइल जळू लागले, तर डिझेल बंद करूनही इंजिन वेग घेत राहते आणि हवा तोडणे हाच ते थांबवण्याचा मार्ग उरतो.

मोटरचा निर्णय सर्वांत सोपा आहे. वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (रोध मोजण्याच्या उपकरणाने) वाइंडिंग आणि बॉडी यांच्यातील रोध मोजून घ्या. तो १ मेगाओमपेक्षा कमी आला तर मोटर सुकवून पुन्हा मोजा. तरीही कमीच राहिला, तर रिवाइंडिंग. उंदरांनी वाइंडिंग कुरतडले आहे का, हेही पाहा. मोजल्याशिवाय मात्र स्विच दाबू नका.

निवृत्त वनपाल (हिंगोली):

वरील सल्ला उत्तम आहे, पण पान्याला हात लावण्यापूर्वी कागद तपासावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आपण "बहुतेक वर्षी" नूतनीकरण झाल्याचे लिहिले आहे. त्यातला "बहुतेक" हा शब्द मला काळजीत टाकतो.

जंगलांच्या संरक्षणाविषयीच्या गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९९७ मध्ये महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातील विनापरवाना आरा गिरण्या तत्काळ बंद करण्याचा आदेश दिला होता. त्यानंतर ऑक्टोबर २००२ च्या आदेशाने न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय सक्षम समितीच्या पूर्वपरवानगीशिवाय नवी गिरणी उघडू देण्यास राज्यांना मनाई झाली. पुढे केंद्र सरकारने २०१६ मध्ये लाकूड-आधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि हे काम राज्यस्तरीय समित्यांकडे आले. या सर्वांचा आपल्यासाठी अर्थ एवढाच की, चालू असलेला जुना परवाना ही आपली सर्वांत मौल्यवान वस्तू आहे आणि तो एकदा खंडित झाला, तर नव्याने मिळवणे अतिशय कठीण आहे, विशेषतः किनवटसारख्या जंगलाला लागून असलेल्या तालुक्यात.

म्हणून उपवनसंरक्षक कार्यालयात लेखी अर्ज करून तीन गोष्टी लेखीच विचारा: परवाना आज वैध आहे का, तो वडिलांच्या नावावरून वारसांच्या नावावर झाला आहे का, आणि मशीन बदलल्यास किंवा तिची क्षमता अथवा जागा बदलल्यास पूर्वपरवानगी लागते का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या मूळ प्रश्नाशी थेट जोडलेले आहे. परवान्यात नोंद असलेली मशीन त्याच जागी दुरुस्त करणे आणि ती काढून वेगळ्या प्रकारची बसवणे, या दोन गोष्टींकडे कार्यालय एकाच दृष्टीने पाहील, असे गृहीत धरू नये.

लाकडाच्या बाबतीतही सावध राहावे. साग, आंबा, चिंच, मोह ही झाडे १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत, त्यामुळे बांधावरचा मालकी सागसुद्धा तोडण्याच्या परवानगीशिवाय गिरणीत घेऊ नये. मालकाचा सातबारा, तोडीची परवानगी, वाहतूक परवाना आणि ओंडक्यावरील हातोड्याचा शिक्का यांचा मेळ लागत नसेल, तर ओंडका गेटमधून आत येऊ देऊ नये, मग आणणारा कितीही जवळचा असो. आवक-जावक नोंदवही पहिल्या दिवसापासून चोख ठेवावी. प्रामाणिक माणसे केवळ नोंदी अपुऱ्या असल्यामुळे अडचणीत आलेली मी पाहिली आहेत आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

वखार (उदगीर):

मी थोडे वेगळे मत मांडतो. यंत्र दुरुस्त होऊ शकते, हे मान्य आहे. पण ते आता येणाऱ्या लाकडाला योग्य आहे का, याचा विचार कोणी केला नाही. गाडी आणि रूळ असलेली उभी बँड सॉ जंगलातल्या जाड ओंडक्यांसाठी घेतली जात असे. बांधावरचा साग कमी घेराचा, पुष्कळदा वाकडा आणि बाहेरच्या पांढऱ्या लाकडाचे प्रमाण जास्त असलेला असतो. असा ओंडका मोठ्या गाडीवर घट्ट धरणे अवघड जाते, माणसेही जास्त लागतात. आडव्या बँड सॉमध्ये ओंडका स्थिर राहतो आणि करवतच पुढे सरकते, त्यामुळे दोन माणसांत काम होते.

आमच्या भागात, लातूर जिल्ह्यात, जंगल नावापुरतेच आहे. आमच्याकडे बाभूळ, कडुलिंब, आंबा आणि बाहेरून आलेला माल असतो. किनवटची गोष्ट निराळी आहे, हे मी जाणतो. तरीही आपण आसपासच्या पाच-सहा गावांत फिरून, येत्या काही वर्षांत तोडीला येणाऱ्या झाडांच्या छातीच्या उंचीवरील घेराची नोंद करावी आणि त्यानंतरच पैसा घालावा.

पैनगंगाकाठ (किनवट):

सर्वांचे मनापासून आभार. वनपाल काकांनी सुचवल्याप्रमाणे उपवनसंरक्षक कार्यालयात अर्ज दिला आहे आणि बंधूंकडील पावत्या वर्षवार लावून घेतल्या आहेत. उत्तर येईपर्यंत फक्त तपासणी करायची, सुट्या भागांची खरेदी करायची नाही, असे घरात ठरले आहे.

वखारवाल्या दादांचा मुद्दा पटला. काही गावांतील बांध पाहिले. साग बहुतेक कमी घेराचाच आहे, मात्र जुन्या आंब्यांचे आणि चिंचांचे ओंडके जाड निघतील. दोन्ही चाके टांगून ठोकली असता वरच्या चाकाचा आवाज स्वच्छ आला आणि खालच्याचा बोदा. पेनिट्रंट चाचणीत खालच्या चाकाच्या एका आऱ्याच्या मुळाशी लाल रेष उमटली. मोटरचा रोध सुकवल्यावर पुरेसा आला. इंजिनात मिश्रण ओतून ठेवले आहे.

आता दोन शंका आहेत. फक्त खालचे चाक बदलता येईल का? आणि विंच व चेन सॉबद्दल काय करावे?

लेथ आणि वेल्डिंग (नांदेड):

रेष उमटली, म्हणजे ते चाक संपले. त्याबद्दल हळहळ नको. ते चालू गिरणीत फुटले असते तर काय झाले असते, याचा विचार करा. एकच चाक बदलता येते. जुन्या बंद गिरण्यांचे सामान विकणाऱ्यांकडे ३६ इंची चाक मिळू शकते, पण तेही याच चाचणीतून गेले पाहिजे. त्याचे भोक आणि रुंदी आपल्या शाफ्टला जुळवून घ्यावी लागेल आणि त्यानंतर बॅलन्सिंग करावे लागेल. योग्य चाक रास्त किमतीत मिळाले नाही, तर मात्र उदगीरच्या दादांचा आडव्या मशीनचा पर्याय जास्त शहाणपणाचा ठरेल, आणि त्यासाठी लागणारी परवानगी तेव्हा वनविभागाकडून घ्यावी. गाडी आणि मोटर तोपर्यंत विकू नका.

विंचचे दातेरी चाक, ड्रम आणि ब्रेक साफ करून वापरता येतील. खुटी (ड्रम उलटा फिरू न देणारी अडकण) दातांत पूर्ण बसते का, हे वजन लावून पाहा. तारेचा दोर आणि सोबतचे फास नवे घ्या. तारेच्या दोरात गंज आतून सुरू होतो आणि बाहेरून ग्रीस लावले की तो झाकला जातो. ताणलेला दोर तुटल्यावर चाबकासारखा फिरतो आणि आडवे येईल ते कापतो. चेन पुलीच्या हुकाचे तोंड थोडेही उघडले असेल, तर तो बाद समजा. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये वजन उचलणाऱ्या साखळ्या आणि दोर यांची सक्षम व्यक्तीकडून वर्षातून किमान एकदा तपासणी सांगितली होती. आपल्या गिरणीला माणसांच्या संख्येनुसार असा कायदा लागू होवो अथवा न होवो, ती पद्धत पाळावी.

चेन सॉचा निर्णय अर्ध्या तासात होईल. सायलेन्सर काढून त्या खिडकीतून पिस्टन पाहा. पिस्टनवर उभे ओरखडे असतील, तर दुरुस्तीवर पैसा घालू नका. पिस्टन गुळगुळीत असेल, तर कार्ब्युरेटरचे किट, पेट्रोलची नळी, फिल्टर आणि प्लग बदला. क्रँकचे ऑइल सीलही बदला, कारण कडक झालेल्या सीलमधून हवा आत शिरली की पेट्रोल-हवेच्या मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि पहिल्याच आठवड्यात पिस्टन चिकटतो. चेन ब्रेक (सॉ उसळताच साखळी थांबवणारा ब्रेक) नसलेले जुने मॉडेल असेल, तर पिस्टन कसाही असो, ती सॉ कोणाच्याही हातात देऊ नका.

इंजिन फिरू लागले की कळवा. पहिल्यांदा सुरू करण्याआधी ऑइल पंपातून बेअरिंगपर्यंत ऑइल पोहोचते का, हे झाकण उघडे ठेवून हाताने फिरवत पाहायचे आहे. शक्य झाल्यास त्या दिवशी मी स्वतः किनवटला येईन.